रोमन द्वादशफलक हे हातमोजे विणण्याचे साधन असल्याचे सिद्ध झालेले नाही

‘ही जुनी वस्तू ओळखा’ या कोड्यांत 12 पंचकोनी बाजूंच्या आणि कोपऱ्यांवर 20 गोळ्या असलेल्या एका पोकळ कांस्यवस्तूचे, म्हणजे द्वादशफलकाचे, चित्र फिरत असून ‘रोमन लोकांचे हातमोजे विणण्याचे साधन’ असे तिचे उत्तर ठामपणे दिले जाते. ते सिद्ध झालेले नाही. बाजूंवरील छिद्रे लहानमोठी असल्याने निरनिराळ्या जाडीची बोटे विणता येतात, असा दावा केला जातो. या दाव्यानुसार कोपऱ्यांवरील गोळ्या खुंट्यांसारख्या वापरून त्यांना धागा अडकवायचा आणि विणलेली नळी, म्हणजे मोज्याचे बोट, छिद्रातून खाली सोडायची. परंतु अशा विणकामात नळीची जाडी छिद्रावर नव्हे, तर धागा अडकवायच्या खुंट्यांची संख्या आणि त्यांतील अंतर यांवर ठरते, आणि येथे प्रत्येक बाजूला त्या 5च, जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. (एवढ्यासाठी असे किचकट ओतकाम कोण करील? खिळे ठोकलेली लाकडी नळीही पुरली असती.) शिवाय या वस्तू साधारण दुसऱ्या ते चौथ्या शतकातील मानल्या जातात, तर अशा विणकामाचे ज्ञात पुरावे त्यानंतर कित्येक शतकांनी आढळतात. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आदी प्रदेशांत 100हून अधिक नमुने सापडले असले, तरी त्यांचा उपयोग सांगणारा एकही समकालीन लेख मिळालेला नाही. म्हणून कोड्याच्या उत्तरात ‘रोमन द्वादशफलक, उपयोग अनिश्चित’ एवढेच लिहावे.