बेट पाहावं उतरून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपले वाडवडील सांगून गेले. त्यांच्या काळी मायामीहून सुटणारी सात रात्रींची क्रूझ नव्हती, नाहीतर बेट पाहावं उतरून हेही त्यांनी त्यात जोडलं असतं. तुम्ही मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिन्यांसाठी गेलेले असता. डिसेंबरात खिडकीबाहेरचा बर्फ बघून बघून सगळ्यांचीच डोकी फिरलेली असतात. मग सून म्हणते, "बाबा, या वेळी कॅरिबियन करून टाकू या." करून टाकू या. अष्टविनायक करतात तसं. अशा वेळी अनुभवी माणसाचा सल्ला लागतो, आणि तो देण्याइतका मी चार बेटांवर भाजून निघालो आहे.

सगळ्यात आधी एक मनाशी पक्कं करा, की तुम्ही बेट बघायला चाललेला नाही आहात. तुम्ही 'एक्सकर्शन' करायला चालला आहात. बेटावर माणसं राहतात, त्यांची पोरं शाळेत जातात, दुपारी कुणाच्या तरी घरी मासळी तळली जाते. एक्सकर्शनमध्ये यातलं काही नसतं. तिथे हातात पाटी धरलेली एक मुलगी असते, तुमच्या छातीवर चिकटवलेला आकडा असतो आणि एसी बस असते. चांगली एक्सकर्शन ओळखण्याची खूण अशी, की संध्याकाळी बोटीवर परतल्यावर आज कुठल्या देशात होतो हे फोनमध्ये बघावं लागलं पाहिजे.

बुकिंग बोटीकडूनच करा. बाहेर धक्क्यावर तीच सहल, तोच किनारा, बऱ्याचदा तीच बस निम्म्या पैशात मिळते हे खरं. पण बोटीच्या सहलीला उशीर झाला तर बोट तुमच्यासाठी थांबते. बाहेरून गेलात तर थांबत नाही. म्हणजे जास्तीचे पैसे तुम्ही सहलीचे देत नसून निर्धास्तपणाचे देत आहात, आणि निर्धास्तपणाला डॉलरच्या भावानं गुणून रुपयांत मोजायचं नसतं. मी मोजलं. त्या रात्री झोप लागली नाही.

तरीही पैसे वाचवायचेच असतील तर घड्याळ सांभाळा. बोटीची वेळ आणि बेटाची वेळ एकच असेल असं नाही, आणि फोन आपल्या मनानं बेटाची वेळ धरतो. त्या एका तासापायी दर फेरीला एखादं जोडपं धक्क्यावरून धावत येतं. एका हातात चपला, दुसऱ्या हातात मेक्सिकन टोपी. वर डेकवर शेकडो लोक पेले हातात घेऊन त्यांना टाळ्या वाजवत असतात. सबंध क्रूझवर फुकट आणि मनापासूनचं असं करमणुकीचं साधन हे एवढंच. एका संध्याकाळी आम्हीही टाळ्या वाजवल्या आणि मग लक्षात आलं, की ते आमच्याच टेबलावरचे कुलकर्णी आहेत.

मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर उतरलात तर चिचेन इत्सा, म्हणजे माया लोकांचं प्राचीन शहर, कराच. नातवाच्या पुस्तकात त्याचं चित्र आहे आणि सुनेच्या मैत्रिणीनं फोटो टाकलाय, एवढी दोन कारणं पुरेत. आधी पाऊणएक तास फेरीबोट. समुद्र खवळलेला असेल तर ती एवढी डोलते, की सकाळी बोटीवर फुकट खाल्लेल्या वॅफल्सचा हिशोब तिथेच चुकता होतो. पुढे दोन-अडीच तास बस, आणि येताना पुन्हा हे सगळं उलट्या क्रमानं. मधे जो वेळ उरतो त्यात माया संस्कृती. पिरॅमिडला चारी बाजूंनी प्रत्येकी 91 पायऱ्या आणि माथ्यावरची एक, मिळून 365. वर्षाचे दिवस दगडात मोजून ठेवलेत, आणि तेही दुर्बीण नसताना. हे ऐकून मी खरोखर थक्क झालो आणि वर बघत उभा राहिलो. आता वर चढू देत नाहीत. पायथ्याशी उभं राहून टाळी वाजवायची; पायऱ्यांवरून प्रतिध्वनी येतो तो क्वेत्झाल पक्ष्याच्या आवाजासारखा. मी तीन टाळ्या वाजवल्या. चौथीला गाइड म्हणाला, बस सुटतेय.

आता किनारा. किनारा निवडताना वाळू, पाणी वगैरे बघणारे लोक नवशिके. बघायचं ते खुर्ची भाड्यात धरली आहे की वेगळी, छत्री खुर्चीबरोबर आहे की छत्रीचे निराळे, आणि 'अमर्याद पेयं' यात पाणी येतं का. तुम्ही दारू पीत नसाल तर डे पास, म्हणजे दिवसभराचं सगळं धरलेलं तिकीट, नक्की घ्या. दिवसभरात तुम्ही दोन लिंबू सरबतं प्याल आणि शेजारचा टेक्सासवाला तुमचे उरलेले पैसे वसूल करेल. याला बंधुभाव म्हणतात.

टॉवेल बोटीचा असतो आणि हरवला तर खात्यावर पंचवीस डॉलर पडतात, निदान आमच्या पडले. त्यामुळे कॅरिबियन समुद्राचा जो जगप्रसिद्ध निळा-हिरवा रंग आहे, तो आमच्या हिनं पाहिलेला नाही. ती पाच टॉवेलांवर बसून होती.

माहितीपत्रकात दिसत नाही असं एक शेवाळ असतं, सरगॅसम. 2011 पासून ते अटलांटिकातून ढिगांनी या किनाऱ्यांवर येऊ लागलंय. पाण्यात असतं तोवर सोनेरी दिसतं; वाळूवर येऊन कुजलं की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. उन्हाळ्यात मेक्सिकोतल्या कोस्टा मायासारख्या ठिकाणी लोक सकाळी सकाळी फावडी आणि ढकलगाड्या घेऊन ते उपसत असतात. तुम्ही दहाला पोचता तोवर किनारा पुन्हा माहितीपत्रकासारखा झालेला असतो. फावडेवाले कुठे जातात, ते विचारणं एक्सकर्शनमध्ये बसत नाही.

सावलीचाही नियम सांगून ठेवतो. किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं. हिरवं, डेरेदार, खाली छोट्या सफरचंदांसारखी गोड वासाची फळं पडलेली. खोडाला लाल पट्टा दिसला तर लांब राहा. फळ विषारी, चीक विषारी, आणि पावसात नुसतं खाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. सबंध किनाऱ्यावर फुकट सावली मिळते ती याच झाडाची, यावरून काय ते ओळखा.

पुढे ग्रँड केमन. इथे मोठ्या बोटींना धक्का नाही. बोट समुद्रात नांगर टाकते आणि छोट्या होड्यांतून तुम्हाला किनाऱ्यावर नेतात. तिथल्या लोकांनी 2025 साली सार्वमत घेऊन धक्का नकोच असं सांगितलं. आपण न यावं असं कुणाला वाटू शकतं हे बोटीवर कुणालाच पटलं नाही. इथला सेव्हन माइल बीच प्रत्यक्षात सात मैल भरत नाही. अमेरिकन लोकांना याचं आश्चर्य वाटतं. पुण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाला वाटत नाही. सुपर बिल्टअप धरून सात.

केमनची खरी मौज स्टिंगरे सिटी. पूर्वी कोळी लोक या उथळ, शांत पाण्यात मासे साफ करत आणि आतडी टाकून देत, त्यावर हे स्टिंगरे जमू लागले. म्हणजे आपलं पाकट. कोळी गेले, प्रवासी आले, पाकटांनी मात्र जागा सोडली नाही. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात पाय घासत उभे राहता आणि घोंगडीएवढी, ओल्या मश्रूमसारखी बुळबुळीत पाकटं पोटऱ्यांना चाटून जातात. मग गाइड एक उचलून तुमच्या तोंडासमोर धरतो आणि सांगतो, हिचं चुंबन घेतलंत तर सात वर्षं भाग्याची. कोकणात पाकटाला मसाला लावतात, इथे मुका घेतात. मी घेतला. खारट असतो. त्याच दुपारी बोटीवर माझा चष्मा समुद्रात पडला, पण सात वर्षं अजून पुरी झालेली नाहीत.

जमैकाला जाताना नातवाची ती लष्करी ठिपक्यांची हाफपँट घरी ठेवा. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद इथे तसे कपडे घालायला कायद्यानं बंदी आहे, लहान मुलांनासुद्धा. बाकी फालमथच्या धक्क्यावरून डन्स रिव्हर धबधब्याला जा. अनोळखी लोकांचे हात धरून साखळी करायची आणि वाहत्या पाण्यातून खडकांवर चढायचं. पुढे ओहायोची नर्स, मागे कोल्हापूरचे निवृत्त तहसीलदार, मधे तुम्ही. एक घसरला की सगळे. वर पोचल्यावर बाहेर पडायची वाट हस्तकलेच्या बाजारातून जाते, आणि ती वाट ज्यानं आखली त्यानं चक्रव्यूहाचा अभ्यास केलेला असावा.

आमच्या साडूंना मात्र धबधबा नको होता. ते दादरचे. त्यांच्या लेखी वेस्ट इंडीज म्हणजे 1971 : वाडेकरांचा संघ, पोर्ट ऑफ स्पेनचा विजय, गावसकरांच्या चार कसोटींत 774 धावा आणि सरदेसाईंच्या 642. आमच्या बोटीच्या मार्गावर त्रिनिदाद नाही हे कळल्यावर ते दोन दिवस बुफेलासुद्धा नीट गेले नाहीत. जमैका आहे म्हटल्यावर उठले आणि तडक एक्सकर्शनच्या डेस्कवर गेले. "सबिना पार्क," ते त्या मुलीला म्हणाले, "किंग्स्टन. 1976. होल्डिंगचा बॉल आमच्या अंशुमन गायकवाडच्या कानावर बसला. मला फक्त ती जागा बघायचीय." मुलीनं स्क्रीनवर बराच वेळ शोधलं. मग हसून म्हणाली, "सर, इज इट अ वॉटर पार्क?"

त्या दिवशी ते बोटीतच राहिले. रिकाम्या डेकवर खुर्ची टाकून जमैकाच्या डोंगरांकडे बघत बसले. पलीकडच्या बाजूला किंग्स्टन आहे, एवढंच म्हणाले. सबंध क्रूझवर बेट खऱ्या अर्थानं त्यांनीच पाहिलं असा मला संशय आहे, आणि म्हणूनच तुम्ही तसं करू नका.

ईस्टर्न कॅरिबियनचा मार्ग घेतलात तर सेंट मार्टिनच्या फिलिप्सबर्गला खरेदी करा. तेही एक्सकर्शनच आहे, फक्त तिकीट शेवटी फाडतात. बोटीवर आदल्या दिवशी खरेदीचं व्याख्यान असतं, त्यात टांझानाइट नावाच्या निळ्या खड्याची महती सांगतात. टांझानियात सापडलेला, बहुधा जयपुरात पैलू पाडलेला हा खडा तुम्ही कॅरिबियन समुद्रातल्या डच भूमीवर, अमेरिकन डॉलर मोजून, एका सिंधी दुकानदाराकडून घेता. आमचा सौदा हिंदीत झाला. "भाभीजी, आपके लिए," असं त्यानं म्हटल्यावर ही जी काही सुखावली, ती अख्ख्या आठवड्यात पहिल्यांदाच. तिथे ती टॉवेलही विसरली.

या सगळ्याची दगदग नको असेल तर खासगी बेट घ्या. बहामासमध्ये क्रूझ कंपन्यांची अशी बरीच बेटं आहेत. तिथे दुसऱ्या कुणाचंही गाव नाही, दुकान नाही, झेंडा दिसत नाही. बोटीवरच्या तरण तलावातून उठून बेटावरच्या तरण तलावात जायचं, बोटीवरचाच बर्गर वाळूत उभं राहून खायचा. एका बेटावर तर 135 फूट उंच घसरगुंडी आहे, समुद्राकडे बघायची वेळच येऊ नये म्हणून.

आणि लबाडी. नावाला हसू नका, ते एका फ्रेंच माणसाच्या नावावरून आलंय. हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरचा हा तुकडा 1980च्या दशकापासून एका बड्या क्रूझ कंपनीनं भाड्यानं घेतलेला आहे, कुंपणासकट. कुंपणाच्या अलीकडे झिपलाइन. 12 जानेवारी 2010 ला हैतीत भूकंप झाला, लाखाच्या वर माणसं गेली. आठवड्याच्या आत या किनाऱ्यावर बोट लागली आणि लोक उतरून पोहले. कंपनीनं मदतीचं सामानही उतरवलं, हे सांगायला हवं. काही प्रवासी मात्र त्या दिवशी बोटीवरून खाली उतरले नाहीत. अलीकडे हैतीतल्या हिंसाचारामुळे तिथले थांबे रद्द होत आलेत. प्रवाशांची मुख्य तक्रार अशी, की त्या बदल्यात समुद्रावरचा एक दिवस दिला.

शेवटच्या रात्री आमच्या टेबलाच्या वेटरला विचारलं. मडगावचा मुलगा. पहिल्या दिवशी साडूंनी त्याला सरदेसाईही मडगावचेच हे सांगितलं, तेव्हापासून आमच्या टेबलावर न मागता हिरवी मिरची येऊ लागली होती. म्हटलं, तू आठ वर्षं या बेटांवर येतोस, सगळ्यात चांगला बीच कुठला?

"बीच?" तो हसला. "बीच घरी आहे ना, काका. कोलवा."

"मग कोझुमेलला उतरलास की जातोस कुठे?"

"गेटच्या बाहेर डावीकडे एक फार्मसी आहे. तिच्या मागे टाकोजचं दुकान. वायफाय चांगलं आहे." दोन तासांची सुट्टी. तिथे दुपारचे बारा म्हणजे मडगावात रात्रीचे साडेदहा. मुलीला तोवर जागी ठेवतात. ती वहीतलं चित्र फोनसमोर धरते, हा बघतो, मग ती झोपते आणि हा आमची जेवणाची टेबलं लावायला परत येतो.

तर कोझुमेलला उतरलात आणि त्या गेटमधून बाहेर पडलात, तर उजवीकडे वळा. डावीकडच्या दुकानात खुर्च्या सहाच आहेत.