सतरा वर्षं आठ महिने

वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काल कोयता चालवणाऱ्या त्या सतरा वर्षं आठ महिन्यांच्या पोरावरून पुन्हा तेच सुरू झालं. "चार महिने कमी म्हणून काय तो बाळ झाला? मोठ्यांसारखी केस चालवा." खाली अंगठ्यांची रांग. त्यात एक अंगठा माझाही पडला असता, कारण ज्याचा हात अधू झाला तो माझा चुलतभाऊ, दादा.

गेल्या वर्षी रात्रीच्या अंडरआर्म क्रिकेटला कुठल्याशा रीलवरून पोरं भिडली. दादा सोडवायला मधे पडला आणि शहाळी सोलायचा कोयता त्याच्या तळहातावर बसला. दादा मालवणचा रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून दोरानं मोठं जाळं ओढणारा. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आता मिटत नाहीत. ओला दोर सरकतो, मूठ वळली नाही तर तो धरताच येत नाही. आणि कोयता चालवणारा पोरगा माझाच विद्यार्थी, पाचवी ते सातवी. पाढे कधी पाठ झाले नाहीत, पण भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ.

रागाच्या भरात कायदा वाचायला घेतला. (निवृत्त बाईंना वेळच वेळ!) तर ग्रुपवरची मागणी मुळातच गैरलागू निघाली. 2015च्या बाल न्याय कायद्यात सोळा ते अठरामधल्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवता येतो तो फक्त 'निर्घृण' गुन्ह्यात, म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे अशा. पोरावरच्या खुनाच्या प्रयत्नाच्या गुन्ह्याला किमान शिक्षाच ठेवलेली नाही. कमाल कितीही असली तरी किमान नसेल तर गुन्हा त्या वर्गात बसत नाही, हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2020मध्ये सांगून टाकलंय. पुण्याच्या 2024च्या पोर्शे अपघातात तीनशे शब्दांच्या निबंधावरून सगळे पेटलो होतो ना, तिथल्या सदोष मनुष्यवधाच्या कलमालाही किमान शिक्षा नव्हती. मोठ्यांसारखा खटला चालवायची मागणी तिथल्या बाल न्याय मंडळानं, म्हणजे मुलांच्या केसेस बघणाऱ्या मंडळानं, जुलै 2025मध्ये फेटाळली.

आणि ग्रुपवर त्या पोराचा फोटो फिरवणाऱ्यांनो, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. तुम्ही तर अठरा पूर्ण केलेत.

बरं, गुन्हा खुनाचा असता तरी थेट मोठ्या कोर्टात जात नाही. मुलाची समज केवढी, परिणाम कळत होते का, कुठल्या परिस्थितीत केलं, हे बाल न्याय मंडळानं तीन महिन्यांत जोखायचं. मंडळात बालमानसशास्त्र शिकलेलं कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यायलाच हवी, असं 2022मध्ये सुप्रीम कोर्टानं बजावलं. वाचायला किती छान! आमच्याकडे साधा डोळ्यांचा डॉक्टर हवा तर दिवस मोडतो.

मला राग आहे तो वयाच्या आकड्याचा नाही. परिवीक्षा अधिकाऱ्यानं, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरनं, दोन आठवड्यांत मुलाचा सामाजिक तपास अहवाल द्यायचा असतो. घर, शाळा, संगत, सगळं. मी त्याला तीन वर्षं शिकवलं, माझ्या दारात कुणी आलं नाही. आठवीनंतर शाळा सुटली, रात्री पर्ससीनच्या मासेमारी बोटीवर जायचा, बाप संध्याकाळी सहानंतर माणसात नसतो, हे सांगायला मी होते. अहवालात काय होतं म्हणाल, तर त्याच्या आईला ऐकून आठवतं ते एकच वाक्य: 'घरची परिस्थिती हलाखीची.' पोलिसांच्या कागदावर पोरगा 'विधिसंघर्षग्रस्त बालक', म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं मूल. या शब्दाचा उच्चार तिला अजून जमत नाही. तारखेला ती मासळीची पाटी शेजारणीकडे सोपवून एसटीनं कसाल, तिथून ओरोस, जिल्ह्याच्या ठिकाणी. "बाई, तेका सोडतले मां?" एवढंच विचारायची.

दादाला विचारलं, तुला काय वाटतं? तर म्हणाला, "माका कोणी काय इचारल्यान?" जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पीडिताला भरपाईचा अर्ज करता येतो, हे त्याला माझ्याकडून कळलं, तेही वर्षभरानं. एवढ्या वेळात नुसत्या ऑपरेशनपायी वहिनीच्या पाटल्या गेल्या.

पोरगा जामिनावर सुटून आलाय, केस चालू आहे. निरीक्षणगृहात काय शिकलास म्हटलं, तर म्हणाला, "कॅरम."

परवा सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. माणसं कमी होती. दादा हल्ली वर वाळूत बसून जाळ्याची भोकं बघतो. पोरगा बराच वेळ माडाखाली उभा राहिला. त्याला कुणी हाक मारली नाही, हाकलूनही लावलं नाही. मग आपणच येऊन दोराच्या शेवटी लागला. दादानं एकदा मान वर केली आणि पुन्हा जाळ्यात घातली.