जैन-मराठा लग्न रद्द होत नाही

घरच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: 2014 ला जैन अल्पसंख्याक झाले, तेव्हापासून ते हिंदू विवाह कायद्यातून बाहेर पडले, त्यांच्याशी केलेलं लग्न टिकत नाही, त्यांना नोकरीत आरक्षण आहे, आणि ही माणसं मुळात आपल्याकडची नाहीतच. माझी भाची मराठा, जावई हातकणंगल्याकडचा जैन. रात्री अकराला बहिणीचा फोन, "पोरीचं लग्न रद्द धरतील काय गं?" आवाज रडवेला. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

हिंदू विवाह कायदा 1955 चा. त्याचं कलम 2 सांगतं, धर्मानं बौद्ध, जैन किंवा शीख असलेल्यांनाही हा कायदा लागू आहे. 27 जानेवारी 2014 च्या अधिसूचनेनं जैनांना राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाच्या कायद्याखाली आणलं. त्यात लग्नाचा एक शब्द नाही, आणि अधिसूचनेनं संसदेचा कायदा बदलतही नसतो. आता एवढं मान्य करते, की इंदूरच्या कुटुंब न्यायालयानं फेब्रुवारी 2025 मध्ये एका जैन जोडप्याचा घटस्फोटाचा अर्ज याच कारणावरून फेटाळला होता. मेसेजचं मूळ बहुधा तेच. पण पुढच्याच महिन्यात मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला आणि जैनांना हिंदू विवाह कायदा लागूच आहे, असं स्वच्छ सांगितलं. ही दुसरी बातमी का नाही पाठवली कुणी? अर्धी बातमी पाठवून एका आईची झोप उडवली तुम्ही. आणि कुठल्या गावात? शाहू महाराजांनी 1919 साली आंतरजातीय, आंतरधर्मीय लग्नांना कायद्यानं मान्यता दिली, त्या कोल्हापुरात!

आरक्षणाचं म्हणाल, तर अल्पसंख्याक म्हणून सरकारी नोकरीत एकही जागा राखीव नाही. शिष्यवृत्त्या आहेत, त्यांच्या शिक्षणसंस्थांत त्यांच्या मुलांसाठी काही जागा असतात. तो हक्क राज्यघटनेच्या कलम 30 नं सगळ्याच अल्पसंख्याकांना दिलाय.

राहिलं 'आपल्याकडची नाहीत'. शिरोळ-हातकणंगल्यात पिढ्यान्‌पिढ्या ऊस लावणारे जैन शेतकरी मग कुठले? कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजचे, जैन कुटुंबातले. कोल्हापुरात शिकताना जैन बोर्डिंगात राहिले. ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला, त्यातले निम्मे भाऊरावांनीच काढलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेत.

ज्या ग्रुपवर तो टाकलात, त्याच ग्रुपवर उच्च न्यायालयाचा निकालही टाका. आणि बहिणीला फोन करून सांगा, तुमच्या तोंडून.