साउइन, सासूबाई आणि ओले मोजे

सगळ्यात आधी घड्याळाचं सांगते, कारण आमचं तिथूनच बिघडलं. इंग्लंडात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळं एक तास मागे जातात. नवऱ्याने झोपण्याआधी हॉलमधलं घड्याळ मागे केलं, मी सकाळी चहा ठेवता ठेवता परत मागे केलं आणि दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही, कारण दोघांनाही वाटत होतं की या घरात जबाबदार माणूस काय तो आपणच. त्यामुळे बारा वाजताच्या विधीसाठी आम्ही स्विंडनहून आरामात निघालो आणि गाडीत बसल्यावर मोबाइल म्हणतो साडेबारा होत आले!

मला घाम फुटला. ऑफिसात पेरोल बघणाऱ्या बाईंनी इतक्या आग्रहाने बोलावलेलं, आयुष्यातला पहिला पेगन विधी, साउइन सणाचा (पेगन म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या निसर्गपूजेवर श्रद्धा ठेवणारी मंडळी), त्यात पाच महिन्यांसाठी सांगलीहून आलेल्या सासूबाई बरोबर, आणि आपण लेट. धावतपळत पोचलो तर पबच्या बाहेर झगे घातलेली तीसेक माणसं निवांत चिप्स खात उभी. पेरोलबाई (ऑफिसात कार्डिगन, इथे हिरवा झगा आणि स्वतःहून उंच काठी) म्हणाल्या, "वेळेत आलात की! अजून उत्तर दिशा यायचीय." म्हणजे उत्तर दिशेला आवाहन करणारे गृहस्थ अजून पार्किंग शोधत होते. याला ही मंडळी स्वतःच हसून 'पेगन स्टँडर्ड टाइम' म्हणतात. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

तर हे सगळं एव्हबरीला. स्टोनहेंज सगळ्यांना माहीत असतं, पण तिथे एरवी दोरीच्या बाहेरून बघावं लागतं. एव्हबरीचं दगडांचं रिंगण इतकं मोठं की निम्मं गाव, एक हमरस्ता आणि एक अख्खा पब त्याच्या आत आलाय, आणि दगडांना खुशाल हात लावता येतो. साडेचार हजार वर्षांचे दगड, त्यांच्यामध्ये चरणाऱ्या मेंढ्या, आणि मेंढ्या चरतात म्हटल्यावर गवतात जे असतं ते. म्हणून पहिला नियम: नजर आकाशातल्या शक्तींकडे नाही, पायाखाली.

मी मात्र भलत्याच गोष्टींची तयारी करून आले होते. आठवडाभर यूट्यूबवर 'साउइन म्हणजे काय' बघितलं. त्याचं स्पेलिंग असं आहे की आपण बिनधास्त 'सॅमहेन' वाचतो आणि मी तसंच वाचून ऑफिसभर सांगत फिरले, शेवटी पेरोलबाईंनी बाजूला घेऊन हळूच सांगितलं की ते 'साउइन' आहे, आयरिश शब्द. नवऱ्याला एकच शंका होती, "कपडे घालून असतं ना?" असतं बाबा. कपड्यांशिवायचे प्रकार काही विक्का (चेटूक मानणारा पेगन पंथ) गटांत, खासगीत चालतात. ऑक्टोबरात विल्टशरच्या माळावर, पब्लिकमध्ये, झग्याच्या आत थर्मल आणि त्याच्या आत अजून एक थर्मल असतं. शेजारच्या गोयंकार बाईंनी (स्विंडनमध्ये गोव्याची माणसं भरपूर) सल्ला दिला होता की चर्चमधल्या मिस्सासारखंच असणार, बाकीचे उभे राहिले की उभं राहायचं. आणि खरं सांगू, यूट्यूबपेक्षा तोच सल्ला कामाला आला.

एक शंका मलाही होती, हे लोक म्हणजे त्या दगडवाल्यांची अखंड परंपरा वगैरे का? तर नाही, आणि तेही तसं म्हणत नाहीत. दगड उभे राहिले तेव्हा ड्रुइडांचा, म्हणजे जुन्या केल्टिक पुजाऱ्यांचा, पत्ताही नव्हता, ते दोनेक हजार वर्षांनी आले. आत्ताचं ड्रुइड प्रकरण अठराव्या शतकात नव्याने सुरू झालं, आणि विक्का तर १९५१ मध्ये चेटूकविरोधी कायदा रद्द झाल्यावर उघडपणे पुढे आलं, म्हणजे आपल्या सार्वजनिक गणपतीपेक्षाही तरुण. तरी २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात 'पेगन' लिहिलं.

अखेर उत्तर दिशा आली आणि गोल झाला. गोल झाला म्हणजे सगळे हातात हात धरून उभे राहिले आणि एकजण काठी घेऊन बाहेरून फिरला, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. सासूबाई खूश. "प्रदक्षिणा बरोबर घालतायत हो," म्हणाल्या आणि मी काही बोलायच्या आत बूट काढून मोकळ्या. देवाच्या दारात पायताण घालून उभं राहायचं नाही म्हणजे नाही. सहा डिग्री तापमान, रात्रभर पडलेला पाऊस, आणि माझ्या सासूबाई लोकरीच्या मोज्यांवर चिखलात. मी लाजेने अर्धी झाले तर शेजारचा दाढीवाला कौतुकाने म्हणतो, धरणीमातेशी थेट संपर्क, वा! आणि त्यानेही बूट काढले.

मग दिशा. पूर्व वारा, दक्षिण अग्नी, पश्चिम पाणी, उत्तर पृथ्वी. ज्या दिशेचं आवाहन, तिकडे सगळ्यांनी वळायचं आणि हात वर करून 'हेल अँड वेलकम' म्हणायचं. मला लहानपणापासून दिशा कळत नाहीत. मोबाइलमधलं होकायंत्र काढलं तर पेरोलबाईंनी असं बघितलं की तो गुपचूप खिशात गेला. (फोटो काढायचे तर आधी विचारायचं. कुणाच्या घरी, ऑफिसात माहीत नसतं की हा माणूस रविवारी शिंगांची टोपी घालतो.) परिणामी पश्चिमेला तीस माणसं एकीकडे आणि मी त्यांच्याकडे तोंड करून, जणू मीच समुद्र आणि ती सगळी मला वेलकम करतायत. नंतर तीनदा लांबलचक 'आऊएन' म्हणाले, स्फूर्तीसाठीचा वेल्श शब्द आहे. सासूबाईंनी तीनदा ॐ म्हटला, कुणाला फरक कळला नाही.

मधोमध कापडावर मांडामांड होती, पावाचा मोठा गोल, सफरचंदं, मेणबत्त्या आणि काळ्या मुठीची सुरी. पाव फिरवायची वेळ झाली आणि कुणी पुढे होईना, आपल्याकडे असं अन्न समोर ठेवून नुसतं बघत बसायची पद्धत नाही, म्हणून मी पटकन पुढे होऊन सुरी उचलली. गोलात जे काही शांत झालंय म्हणता! ती सुरी कापायला नसते. तिने फक्त हवेत शक्तीला दिशा द्यायची, आणि मालकाला विचारल्याशिवाय तर हातच लावायचा नाही. कुणाच्या देवघरातली घंटा उचलून मी लिंबू ठेचायला घेतल्यासारखंच झालं ते. सॉरी म्हणून जागेवर आले, पाव हातानेच तोडतात म्हणे.

मागोमाग शिंग आलं, बैलाचं, आत मीड, म्हणजे मधाची दारू. नको असेल तर नुसतं कपाळाला लावायचं किंवा दोन थेंब जमिनीवर सांडायचे, कुणी काही म्हणत नाही, बऱ्याचदा सफरचंदाचा रसही असतो. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. सासूबाईंनी उजव्या हाताची ओंजळ केली, खाली डावा हात धरला, तीर्थ घेतलं, उरलेला हात डोक्यावरून फिरवला आणि म्हणाल्या, "जरा उग्र आहे, पण चांगलंय." शिंग कशाचं आहे विचारलं तर मी लाकडाचं म्हणाले.

आणि इथे माझं दुसरं संकट उभं राहिलं. थंडी म्हणून येताना गाडीत अर्धा थर्मास चहा प्यायले होते. गोल एकदा घातला की मोडून बाहेर जायचं नसतं, लहान मुलं आणि कुत्री सोडून, आणि मी दोन्हीत बसत नव्हते. शेवटी पेरोलबाईंच्या कानात सांगितलं. त्यांनी काठीवाल्याला खूण केली, त्याने हवेत एक दार कापलं, गंभीरपणे बाजूला झाला, आणि तीस माणसांच्या देखत मी त्या नसलेल्या दारातून वाकून बाहेर पडले. चौकट लागेल म्हणून. टॉयलेटपर्यंत पोचेस्तोवर दूरवरून हसू ऐकू येत होतं.

परत आले तर आठवणींचं सुरू होतं. साउइनला गेलेल्या माणसांची नावं घेतात, एकेकजण पुढे येऊन आईचं, मित्राचं, एका बाईंनी मांजराचं घेतलं. सासूबाई कुजबुजल्या, "म्हणजे यांची सर्वपित्री." आणि पुढे गेल्या. चिखलाचे मोजे, नऊवारीवर सासऱ्यांचा जुना तपकिरी स्वेटर. पण नाव घ्यायचं म्हटल्यावर अडल्या. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झालेली, त्यांनी सरळ नाव कधी घेतलंच नव्हतं. मिनिटभर दगडाकडे बघत राहिल्या आणि मग खणखणीत आवाजात,

"दगडांच्या गावात आले, थंडीने वाजती दात,
…रावांना आठवून जोडते दोन्ही हात."

(नाव गाळलंय, इंटरनेटवर टाकलं तर रागावतील.) यमक भाषेच्या पलीकडून कळलं बहुतेक, कारण सगळ्यांनी एकदम 'हेल!' केलं आणि दाढीवाल्याने डोळे पुसले. परत येताना सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता, त्यांचा बर्फासारखा गार. काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

विधी संपल्यावर प्रत्येकाने आणलेलं खायचं असतं. मी नुसती यूट्यूबची तयारी करून आले होते, खाणं आणलंच नव्हतं. सासूबाईंच्या पर्समध्ये शेंगदाण्याची चिक्की निघाली, त्या डेव्हिल्स चेअर नावाच्या दगडाच्या कोनाड्यात पाय सोडून बसल्या आणि तिथूनच सगळ्यांना वाटली.

आता पेरोलबाई रोज विचारतात, इम्बॉल्कला आजी येणार ना, हा त्यांचा पुढचा एक सण, फेब्रुवारीत असतो. व्हिसा तेवढा आहे. सासूबाईंची तयारीही सुरू झालीय, परवा कणीक मळताना विचारत होत्या की इम्बॉल्कशी यमक काय जुळतं. मी 'झुळूक' सुचवलं, त्यांना पटलं नाही.