कृपया हिरवळीवर चालू नये

रिपोर्टचा कागद डॉक्टरांनी दोनदा उलटसुलट करून पाहिला, मग चष्म्यावरून मला पाहिलं आणि म्हणाले, "रोज सकाळी अर्धा तास चाला. रस्त्यावर नको, धूर असतो. बागेत चाला. जवळपास बाग आहे ना?"

"आहे की!" मी जरा ऐटीतच म्हणालो. घरापासून दोन मिनिटांवर बाग. अकरा वर्षं रोज तिच्यातून आरपार जातोय, फक्त आत कधी थांबलो नव्हतो, एवढंच.

डॉक्टर वाचनाचे शौकीन. त्यांनी लगेच १९८४ सालचा दाखला काढला. रॉजर उलरिक नावाच्या संशोधकाने पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि कडक वेदनाशामकंही त्यांना कमी लागली. "नुसती झाडं बघून हं! तुम्ही तर चक्क झाडाखाली जाणार." मी त्याच संध्याकाळी नवे बूट घेतले.

दुसऱ्या दिवशी पहाटे बागेच्या दारात पहिलं दर्शन घडलं ते फलकाचं. त्यावर चौदा नियम. आमच्या बागेत निगुतीने जोपासलेली एकमेव गोष्ट म्हणजे हा फलक. दरवर्षी त्याला नवा रंग मिळतो आणि अक्षरं गिरवली जातात. नियम तिसरा म्हणतो, झाडांना इजा करू नये. ज्या झाडाला हा फलक चार दणदणीत खिळ्यांनी ठोकलाय, त्याला वाचता येत नाही म्हणून बरं. नियम सातवा, कृपया हिरवळीवर चालू नये. हा मात्र सगळे काटेकोर पाळतात. हिरवळच नाही.

चालण्याच्या पट्ट्यावर पाऊल ठेवलं आणि मागून स्कूटर आली. एक गृहस्थ मुलीला गाडी शिकवत होते.

"अहो, इथे?"

"मग कुठे शिकवू? रस्त्यावर केवढी वाहनं असतात!"

मला उत्तर सुचलं नाही. पुढे महिनाभर मला हाच अनुभव येत राहिला. बागेची वाट लावणारा एकही माणूस मला बिनकारणाचा भेटला नाही. प्रत्येकाकडे कारण होतं, आणि ते ऐकताक्षणी पटायचं. व्यायामाच्या यंत्रांवर चादरी वाळत घालणाऱ्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे दुपारपर्यंत ऊन येत नाही हो." कुत्र्याला घेऊन येणारे काका म्हणाले, "आमचा ब्रूनो घाण करत नाही, खत घालतो." हे खत नेमकं पट्ट्याच्या मधोमध का घालतो, हे विचारायला ब्रूनोकडेच जावं लागलं असतं, आणि त्याची माझी तेवढी ओळख नव्हती. कारंज्याच्या कोरड्या हौदात कुणीतरी मंडपाचे बांबू रचून ठेवले होते. तिथे डास होऊ नयेत म्हणून, असं कळलं.

सगळ्यात कहर शांतीवाल्यांचा. सकाळी साडेसहाला पंचवीस जण डोळे मिटून बसतात आणि त्यांचे गुरुजी ध्वनिवर्धकावरून ओरडतात, "शांतता अनुभवा! पक्ष्यांचे आवाज ऐका!" पक्ष्यांनी पहिल्या आठवड्यातच बाग सोडली.

रोपांचं गूढ उकलायला जरा वेळ लागला. पावसाळ्यात पन्नास रोपं लावली गेली, फोटो निघाले, आणि पंधरा दिवसांत पन्नास खड्डे उरले. रोपं जगत नाहीत, असं सगळे हळहळून सांगत. चुकीची समजूत आहे ही. रोपं उत्तम जगतात, फक्त बागेत नाही. फिरताना मान वर केली की आसपासच्या इमारतींच्या गॅलऱ्यांमध्ये ती ओळीने दिसतात, टवटवीत, कुंड्यांना गेरू वगैरे लावलेली. मी तावातावाने घरी येऊन बायकोला हे सांगितलं. ती आमच्या गॅलरीतल्या जास्वंदीला पाणी घालत होती. घालत राहिली.

बागेतलं थोरलं झाड हा माझा हळवा विषय झाला होता. सुशोभीकरणात त्याच्या बुंध्याला गळ्यापर्यंत सिमेंटचा पार बांधला, वर फरशी बसवली आणि फांद्यांना दिव्यांच्या माळा आवळल्या. सुशोभित झाल्यापासून ते वाळायला लागलं. चांगल्या मातीत जवळपास निम्मी पोकळीच असते, त्यात हवा आणि पाणी खेळतं, आणि मुळं तिथेच श्वास घेतात. शिवाय मुळांचा मोठा पसारा असतो वरच्या हात-दीड हात मातीत, बुंध्यापासून पार लांबवर पसरलेला. म्हणजे आपण फरशी घालतो ती झाडाच्या नाकावर. तुडवून तुडवून कडक केलेल्या मातीचंही तेच. वरचं पाणी आत जात नाही आणि आतल्या मुळाला हवा मिळत नाही. एवढं सगळं मी पारावर बसलेल्या चौघांना समजावलं. ते पत्ते खेळत होते. एक जण म्हणाला, "पार नसता तर आम्ही बसलो कुठे असतो?" तेही पटलं.

शेवटी अर्ज घेऊन कचेरीत गेलो. तिथे कळलं की आमची बाग ही एक बाग नाहीच. झोके एका विभागाचे, दिवे दुसऱ्याचे, पट्टा बांधकामवाल्यांचा, झाडं उद्यानवाल्यांची. मोडलेल्या फांदीचा विषय काढला तर कारकून शांतपणे म्हणाले, "फांदी झाडावर असेपर्यंत उद्यान विभाग. खाली पडली की घनकचरा."

"आणि पडत असताना?"

त्यांनी यावर खरोखर विचार केला. "तेव्हा खाली उभं राहू नका," ते म्हणाले. कचेरीतून मला मिळालेला हा एकमेव उपयुक्त सल्ला.

घरी येऊन वाचत बसलो. इंग्लंडमध्ये १८४७ साली बर्कनहेडला लोकांच्या पैशातून लोकांसाठी बाग उभी राहिली, तिचा आराखडा जोसेफ पॅक्स्टनचा. तीन वर्षांनी ती पाहून फ्रेडरिक ओल्मस्टेड असा भारावला की पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या आराखड्यात ती उतरली. आमची बाग पाहूनही माणसं भारावतात, आणि मग तिथे एक खोली बांधतात. पुढे गॅरेट हार्डिनचा १९६८ सालचा निबंध सापडला. गायरान सगळ्यांचं असलं की जो तो आपली एकच गाय वाढवतो. एका गायीने असं काय होणार? आणि एके दिवशी गवत संपतं. आपल्याकडे हेच कधीचं म्हणून ठेवलंय, गाढवाने शेत खाल्लं, ना पाप ना पुण्य. पण एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी दाखवून दिलं की असं व्हायलाच पाहिजे असं काही नाही. वापरणाऱ्यांनी आपले नियम आपण केले आणि लक्षही आपणच ठेवलं, तर गायरानं टिकतात, कित्येक ठिकाणी तर पिढ्यान्‌पिढ्या. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मी चौदा नियमांचा फलक आठवला. तो केला कुणी, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

ठरलं. समिती काढायची. शांतीवाले, पत्तेवाले, ब्रूनोचे काका, चादरीवाल्या बाई, सगळ्यांना बोलावलं. सभा अर्थातच बागेत. कोपऱ्यात चटईएवढं गवत कसंबसं तग धरून होतं, त्यावर खुर्च्या मांडल्या, कारण बाकी सगळीकडे धूळ होती. दीड तास चर्चा झाली आणि पहिला ठराव एकमताने संमत झाला: समितीला बसायला बागेत एक पत्र्याची खोली असावी. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते कुंपण इतकं रीतसर टिपण ठेवून खातं हे मला नवीन होतं.

तरी माझा अर्ज वाया गेला नाही. महिन्याभराने खरोखर एक साहेब पाहणीला आले. मी उत्साहाने त्यांना बागेच्या मधोमध नेलं. तिथे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिरकी, गुळगुळीत, दगडासारखी कडक झालेली पायवाट होती.

"हे बघा. ही हिरवळ होती. हिच्यामुळेच पावसाचं पाणी मुरत नाही. लोकांना चार पावलं वळसा घालायला नको. कोण सुरुवात करतं अशा वाटांना, देव जाणे."

मागे म्हातारे माळी झारी घेऊन उभे होते. झारीत पाणी नव्हतं, पण साहेब येणार म्हणून ती हातात धरली होती. ते अदबीने म्हणाले, "तुम्हीच की, साहेब."

"मी?"

"सकाळची बस धरायला पळत जात होता ना रोज? अकरा वर्षं झाली असतील. तुमच्या मागनं मग बाकीचे जायला लागले. मी दोनदा काट्या लावल्या होत्या. तुम्ही उडी मारून जायचात."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी थोरल्या झाडाकडे पाहत राहिलो.

वळशाने गेलं तर पस्तीस पावलं जास्त पडतात. मोजली होती मी तेव्हा. बस खरंच चुकायची हो.

पुढच्याच महिन्यात कारवाई झाली. तक्रार हिरवळ तुडवली जाण्याची होती, म्हणून सबंध मैदानावर सिमेंटचे ठोकळे बसवले. आता काहीही तुडवलं जात नाही. फलकालाही नवा रंग दिलाय, सातवा नियम जागच्या जागी आहे. साखरेचा पुढचा रिपोर्ट यायचाय. आणि ठोकळे बसवताना मधले वाफेही काढून टाकल्यामुळे, बस स्टॉपला जायला आणखी सहा पावलं वाचतात.