खानदानाची नोडल ऑफिसर

देशातलं कोविड लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं, आमच्या खानदानातलं १ मार्चला. त्या दिवसापासून साठीच्या पुढचे सगळे, आणि ४५ ते ५९ मधले ज्यांना काही ना काही आजार आहे असे लोक, यांना कोविन या सरकारी लसीकरण पोर्टलवर नाव नोंदवता येऊ लागलं आणि "तुला ते मोबाईलमधलं कळतं नं" एवढ्या एकाच क्वालिफिकेशनवर माझी बिनपगारी नेमणूक झाली. नोडल ऑफिसर, म्हणजे सगळ्या कामाची जुळवाजुळव करणारा अधिकारी, हे पद मी नंतर स्वतःलाच बहाल केलं, कारण कामं सगळी तीच होती आणि शिव्याही त्याच.

पहिला गोंधळ आजारांच्या यादीवरून झाला. सरकारने वीस आजारांची यादी काढली होती, त्यातला एखादा असल्याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट लागायचं. काकूने ती यादी चष्मा लावून दोनदा वाचली आणि तिचा चेहरा पडला. ज्या गुडघ्यांनी गेली पंधरा वर्षं अख्ख्या घराला बसवून ठेवलंय त्या गुडघ्यांचं त्या यादीत नावच नाही! "म्हणजे माझं दुखणं दुखणं नाहीच का?" असं ती मला विचारायला लागली, जणू यादी मीच केलीये. १ एप्रिलपासून ४५ च्या पुढच्या सगळ्यांना विनाआजार परवानगी मिळाली तेव्हा कुठे हा अपमान शमला. एरवी कोणी वय विचारलं की विषय बदलणाऱ्या माझ्या समस्त मावश्या त्या आठवड्यात जन्मतारखेसकट आधार कार्डाचे फोटो पाठवत होत्या, हे मी इथे नोंदवून ठेवते.

दुसरा नियम असा होता की एका मोबाईल नंबरवर फक्त चार जणांची नावं. आता चार म्हणजे कोण? यावर आमच्याकडे जागावाटपाच्या वाटाघाटी झाल्या. आई, बाबा, काकू आणि नानाकाका यांनी माझा नंबर भरून टाकला. आत्या बाहेर राहिली म्हणून ती अजूनही मला "तुमच्या चार जणांत" असं म्हणते. आणि मी स्वतः? माझ्या नंबरवर मलाच जागा नाही! पुढे माझी पाळी आली तेव्हा माझं नाव बाबांच्या नंबरवर टाकावं लागलं, म्हणजे लॉगिन मी करणार आणि ओटीपी बाबांच्या फोनवर येणार. तो फोन कायम सायलेंटवर, आणि तो कुठे आहे हे शोधायला त्याच्यावर फोन करून उपयोग नाही.

ओटीपीची मुदत १८० सेकंद. ऐकायला भरपूर वाटतात. पण त्यात बाबा चष्मा शोधणार, मग फोन उघडणार, मग बँकेचा जुना मेसेज वाचून दाखवणार, मी "तो नाही बाबा, वरचा" म्हणणार, "वर कुठे, वर तर टाइम आहे", आणि मग सावकाश, स्टेशनवरच्या अनाउन्समेंटसारखा एकेक आकडा. पाचव्या आकड्याला थांबून, "पण हा कोणाला सांगू नका असं लिहिलंय इथे." बाबा, मी मुलगी आहे तुमची! "ते ठीक आहे, पण लिहिलंय." गेले १८० सेकंद.

१८ ते ४४ वाल्यांचं रजिस्ट्रेशन २८ एप्रिलला उघडलं आणि खरा धिंगाणा तिथून सुरू झाला. १ मेपासून लस सुरू, कागदावर. लसच पुरेशी नव्हती त्याला कोण काय करणार, महाराष्ट्राने मेच्या मध्यावर आमच्या वयोगटाचं लसीकरण थांबवून असलेले डोस ४५ च्या पुढच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवले. पण जेव्हा कधी स्लॉट उघडायचे तेव्हाचा प्रकार म्हणजे स्क्रीनवर हिरव्या रंगात आकडा दिसणार, आपण त्यावर बोट टेकवणार, मग कॅप्चा येणार, तो कॅप्चा छोटं एस की मोठं एस, शून्य की ओ, याचा विचार करेपर्यंत तो हिरवा आकडा लाल झालेला असणार. टेलिग्रामवर स्लॉट उघडल्याची वर्दी देणारे ग्रुप निघाले होते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये एकदम सगळे म्यूट झाले आणि कोणी बोलेना की समजायचं, कुठेतरी स्लॉट पडलेत. बॉसही त्यातच होता. त्याला मिळाला स्लॉट, आम्हाला कोणाला नाही. पुढे तो महिनाभर मॅनेजमेंटऐवजी बोटांच्या वेगावर लेक्चर देत होता.

आणि हे सगळं ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे, नेट आहे आणि इंग्रजी वाचता येतं त्याच्यासाठी. ज्याच्याकडे यातलं काही नाही त्याने काय करायचं होतं देव जाणे. मराठी आणि बाकीच्या भाषा पोर्टलवर जूनमध्ये आल्या. आमच्या वयोगटाला सरकारी केंद्रावर थेट जाऊन नाव नोंदवायची सोयही मेच्या शेवटी झाली. म्हणजे शहाणपण आलं, फक्त जरा गॅप ठेवून.

गॅपवरून आठवलं. कोव्हिशिल्डचा दुसरा डोस आधी चार ते सहा आठवड्यांनी होता, मार्चमध्ये तो सहा ते आठ झाला, मेमध्ये बारा ते सोळा. दोन डोसमध्ये अंतर जास्त असलं तर प्रतिकारशक्ती चांगली तयार होते असं अभ्यासातून दिसलं होतं, आणि ते खरंही होतं, पण नेमका लसीचा तुटवडा असतानाच ते जाहीर झाल्यामुळे आत्याला पटवणं माझ्या कुवतीबाहेरचं होतं. तिने फ्रिजवरच्या कॅलेंडरवर दुसऱ्या डोसची तारीख लाल पेनाने लिहिली होती. ती खोडली, पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. "ही तारीख पे तारीख कोर्टात असते," म्हणाली, "दंडात नाही."

मग जून उलटता उलटता केंद्राने १८ च्या पुढच्या सगळ्यांसाठी राज्यांना फुकट लस द्यायला सुरुवात केली, पुरवठा वाढला आणि बघता बघता चित्रच पालटलं. २१ ऑक्टोबरला देशात १०० कोटी डोस पूर्ण झाले आणि त्याच सुमाराला दहा कोटींहून जास्त लोक असे होते की ज्यांच्या दुसऱ्या डोसची तारीख उलटून गेली तरी ते फिरकले नव्हते. मिळत नव्हती तेव्हा ओळखी लावून, वशिले काढून धावणारा माणूस आता "बघू, दिवाळी होऊ दे" म्हणायला लागला. मी आईला तिच्या दुसऱ्या डोसला घेऊन गेले तेव्हा केंद्रावर सातच माणसं बसलेली. कोव्हिशिल्डच्या एका व्हायलमध्ये दहा डोस, आणि एकदा फोडली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकून द्यायची. सिस्टर बाटली हातात धरून दारात उभ्या. "तीन माणसं आणा, मी लगेच फोडते." एप्रिलमध्ये ह्याच दारात टोकनवरून माणसं एकमेकांच्या अंगावर गेलेली मी बघितली होती, आणि आता तीच माणसं मेहुण्याला, शेजाऱ्याला, वॉचमनला फोन लावून आग्रह करत होती, "अरे ये नं, फुकट आहे, बसायला खुर्चीपण आहे." नववा, दहावा मिळाला. अकरावा आला तर सिस्टर म्हणाल्या, "आता तुम्ही पुढच्या बाटलीचे पहिले. बसा, अजून नऊ येऊ देत." तो गेला तो गेलाच.

पण ह्या सगळ्यात माझी अवघड केस नानाकाका. वय ६७, म्हणजे मार्चपासून पात्र, माझ्या चार जागांपैकी एक अडवून बसलेले आणि लस मात्र नको. आधी म्हणाले, "पहिले बाकीच्यांचं काय होतं ते बघू." बाकीच्यांचं काहीच वाईट होईना तेव्हा जूनमध्ये लस घेतली की अंगाला चमचे चिकटतात असे व्हिडिओ आले. काकांनी काकूला खुर्चीत बसवून तिच्या दंडावर चमचा लावला. पडला. दुसऱ्या दंडाला लावला. तोही पडला. "तुझी लस डुप्लिकेट असणार," म्हणाले. आता ह्याला उत्तर काय द्यायचं? शेवटी ऑगस्टमध्ये ते तयार झाले ते विज्ञानामुळे नाही तर सकाळच्या फिरायच्या ग्रुपमुळे. तिथे सगळ्यांची चर्चा तुमची कोव्हिशिल्ड की कोव्हॅक्सिन, ताप किती आला, हात किती दुखला, आणि काकांकडे सांगायला काहीच नाही. पहिला डोस घेतला, रात्री थोडा ताप आला, ग्रुपमध्ये त्याचं वर्णन चार दिवस पुरलं आणि मग जाहीर केलं की आता दुसरा घेणार नाही. नोव्हेंबरात "हर घर दस्तक" मोहिमेतल्या आशाताई दारात आल्या तेव्हा हा माणूस बाथरूममध्ये अर्धा तास नळ सोडून बसला होता.

आणि जानेवारीत माझ्या फोनवर मेसेज आला. नानाकाकांचा दुसरा डोस यशस्वीरित्या पूर्ण, अभिनंदन, सर्टिफिकेट डाउनलोड करा. गडबड कुठे झाली कोण जाणे. मला वाटलं काका खूश होतील, सुई न टोचता सर्टिफिकेट! तर ते असे उसळले की विचारू नका. "माझा डोस घेतला कोणी? माझ्या हक्काचा आहे तो!" अहो काका, पण तुम्हाला नको होता नं? "मला नको होता म्हणून काय कोणीही घ्यायचा?"

नशिबाने त्याच जानेवारीत, २१ तारखेला, पोर्टलवर चुकीची नोंद रद्द करायची सोय आली. (एका नंबरवर चारऐवजी सहा जण हेही तेव्हाच झालं. आत्याला सांगितलं तर म्हणाली, आता नको.) मी अर्ज टाकला, दुरुस्तीला तीन ते सात दिवस लागतील असं होतं, काका रोज सकाळी सातला फोन करून "मी मागे आलो का?" विचारायचे. नोंद एक डोसवर आली त्याच दिवशी तयार होऊन दारात उभे. केंद्रावर सिस्टरला म्हणाले, "अर्धा एमएल असतो नं? भरताना मला दाखवा." त्यांनी बिचारीने सिरिंज उजेडात धरून दाखवली. अर्धा तास बसायचं तर हे पाऊण तास बसले, फोनवर मेसेज येईपर्यंत हलेनात.

रिक्षात बसल्यावर मी सांगितलं की आता तुम्हाला तिसरा, तो प्रिकॉशन डोस म्हणतात तो, पण त्याला नऊ महिने आहेत.

"नऊ महिने?" काका म्हणाले. "तोवर कोणीतरी घेऊन जाईल माझा. तू आत्ताच नंबर लावून ठेव."