सरकारी शाळेत बँड कशाला म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायलाय, तुम्हालाही आला असणार. म्हणे सरकारी मराठी शाळांत बँड काढणं ही उधळपट्टी, वाद्यांवर लाखो जातात, सरावामुळं अभ्यास बुडतो, शेवटी पोरं लग्नातले बँडवालेच होणार, त्यापेक्षा इंग्रजी नि गणित शिकवा. खाली "गोरगरिबांच्या हितासाठी शेअर करा". बरं, करूया की हिताचं बोलणं.

लाखो रुपये. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट असला फुल ब्रास बँड घ्यायचा तर लागतात, खोटं नाही. खरं आपल्या शाळांत मागतंय कोण तसलं? साइड ड्रम, एक मोठा ड्रम, झांजा, ट्रायअँगल, बासऱ्या नि दोन-चार बिगुल, एवढ्यावर परेडचा बँड उभा राहतो. बिगुलाला तर बटणंसुद्धा नसतात, चार-पाच सूर, तेही ओठ आवळून नि सैल सोडून काढायचे, सुरुवातीला नुसती फुसफुस नि ओठ बधिर. आणि वाद्यं काय पोरगं सातवी झालं म्हणून घरी नेत नाही, पुढच्या बॅचला तीच.

अभ्यास बुडतो. सराव प्रार्थनेच्या आधी नाहीतर शाळा सुटल्यावर, मग बुडतो कुठला तास? आता आपल्या बाजूचेही काही जण सांगत सुटतात की वाजवलं की गणित सुधारतं, तेही फेकणंच. व्हेनेझुएलात होझे आन्तोनियो आब्रेऊनं १९७५ मध्ये 'एल सिस्तेमा' सुरू केलं, गरीब पोरांना फुकट वाद्यं नि ऑर्केस्ट्रा. तिथल्या १६ केंद्रांवर ६ ते १४ वयाच्या जवळजवळ २,९०० पोरांचा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. बुद्धी सरसकट वाढली असं काही दिसलं नाही, खरं पोरांचा स्वतःवरचा ताबा वाढला नि वागण्यातल्या तक्रारी कमी झाल्या, आणि ते जास्त कुणात, तर आई कमी शिकलेली, आजूबाजूला मारामारी बघितलेली अशा पोरांत. लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांत मेंदू नि आवाजावर संशोधन करणाऱ्या नीना क्राउसच्या टीमनं पोरांचा मेंदू बोलण्यातले आवाज कसे टिपतो ते तपासलं, तर एका वर्षात फरक नाही, दोन वर्षं शिकल्यावर दिसला. म्हणजे १५ ऑगस्टच्या आधी पंधरा दिवस बडवून काही होत नाही.

आता तो बँडवाल्यांचा टोमणा. ह्याचाच मला जास्त राग आला. लग्नात, वरातीत, गणपतीत त्याच लोकांच्या तालावर नाचायचं नि पोरगं तसलं होऊ नये म्हणायचं, ह्यात जातीचा वास येतो, उगंच गोड बोलण्यात अर्थ नाही. हलगी, सनई पिढ्यान्‌पिढ्या कुणी सांभाळली हे सगळ्यांना ठाऊक हाय. कुमार गंधर्व आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मले म्हणून स्टेजवरून अभिमान सांगायचा, नि ड्रम धरलेल्या पोराला हसायचं! आणि नोकरीचंच विचारताय तर मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच, तिथला बँड ऐकलाय ना? हवाई दलात अग्निवीरवायू म्युझिशियनची वेगळी भरती निघते, दहावी पास नि वाद्य हातात बसलेलं पाहिजे. चार वर्षांचीच नोकरी, ते धरूनच सांगतोय. सगळ्यांना ती मिळणार नाही. खरं ज्यानं कधी क्लॅरिनेट हातातच धरलं नाही त्यानं फॉर्म तरी कसा भरायचा?

इंग्रजी-गणित आधी. शहरातल्या फी घेणाऱ्या शाळांत दोन्ही चालतं, तिथल्या आईबापांना कुणी हा मेसेज पाठवत नाही. आमच्या पोरांनाच एक निवडायला का सांगता? शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरा म्हणताय तर त्या मोर्चाला आम्हीही येतो, फक्त त्या जागा ड्रम घेतल्यामुळं रिकाम्या नाहीत. ड्रम बहुतेक माजी विद्यार्थी नाहीतर गावातले देणगीदार देतात, पगार सरकारचा.

मेसेजवाल्यानं खरी बोंब मारायची होती ती वेगळ्याच ठिकाणी. पीटीचे सर बदली होऊन गेले की शिकवणारा नाही, मग ड्रम खोलीत कोंडले जातात, खानापूरकडच्या पावसात चामडं सैल पडतं, लोखंडी कडी गंजते, पुढच्या ऑगस्टला काढलं तर ठक्‌ऐवजी भद्द वाजतं. एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या, मीटिंगला नवीन ड्रमाच्या आधी एवढंच विचारा, आठवड्यातून तीन दिवस येऊन शिकवणार कोण नि त्याचं मानधन कोण देणार. गावात निवृत्त फौजी असतात, वरातीतले वाजवणारे असतात, त्यांना बोलवा की.